आधी दर्शन, मग औषध

(पचनमार्गातील रक्तस्राव आणि आपल्या वनौषधी या विषयावर एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात शिरलेला आणि तीस वर्षे तेथेच रमलेला मी एक पत्रकार आहे. आमच्या व्यवसायात पहिल्याच दिवशी एक प्रश्न शिकवला जातो. कोणी कितीही मोठ्या आवाजात काही सांगितले, तरी बातमी लिहिण्यापूर्वी विचारायचे, ‘हे प्रत्यक्ष कोणी पाहिले?’ आजच्या विषयाकडे मी याच एका प्रश्नाचा कंदील हाती घेऊन जाणार आहे.

विषय असा आहे, की ज्याविषयी आपल्या घरात चारचौघांत बोलले जात नाही. उलटीतून रक्त पडणे, शौचावाटे रक्त जाणे, मूळव्याध, रक्ती आव, जठरातील व्रण. आयुर्वेदाने या व्याधींवर शेकडो वर्षे चिंतन केले आहे. अडुळसा, कुडा, ज्येष्ठमध, नागकेशर, शतावरी, डाळिंबाची साल, बेलफळ, सावरीचा डिंक अशी वनौषधींची मोठी संपदा या व्याधींसाठी सांगितली आहे. या संपदेकडे पाहण्याच्या दोन सोप्या वाटा आज समाजात रूढ आहेत. ‘आपले आहे म्हणजे सारे खरेच’ ही एक वाट. ‘आपले आहे म्हणजे सारे भाकडच’ ही दुसरी. या दोन्ही वाटांनी जाणाऱ्या मंडळींना एक सोय लाभते. तपासण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. मला आज तिसऱ्या वाटेविषयी बोलायचे आहे, आणि ती वाट आपल्याच ग्रंथकारांनी आखून दिलेली आहे.

सुश्रुताचे यंत्र

चरकसंहितेत रक्तपित्त या व्याधीला स्वतंत्र स्थान आहे. निदानस्थानाचा दुसरा आणि चिकित्सास्थानाचा चौथा अध्याय या एकाच व्याधीला वाहिलेला आहे. वरच्या मार्गाने, म्हणजे तोंड, नाक, डोळे, कान यांतून जाणारे रक्त ते ऊर्ध्वग. खालच्या मार्गाने जाणारे ते अधोग. ऊर्ध्वग साध्य, अधोग याप्य म्हणजे पथ्याने आणि औषधाने आटोक्यात ठेवण्याजोगे, आणि दोन्ही मार्गांनी जाणारे असाध्य, असे स्पष्ट वर्गीकरण तेथे आहे. रक्त काळसर, निळसर किंवा इंद्रधनुष्यासारख्या छटांचे दिसू लागले तर ते असाध्यतेचे लक्षण समजावे, असेही सांगितले आहे. रक्ताचा मार्ग आणि रक्ताचा रंग यांवरून रोगाचे गांभीर्य ठरवणारी ही दृष्टी आहे. आजचे शल्यचिकित्सकही पहिला प्रश्न हाच विचारतात : रक्त कोठून आले आणि कोणत्या रंगाचे होते?

चरकाने सिद्धिस्थानात तर एक छोटा प्रयोगच दिला आहे. बाहेर पडलेले रक्त शुद्ध जीवरक्त आहे की पित्ताने दूषित झालेले, हे कळत नसेल तर पांढरे वस्त्र त्या रक्तात भिजवावे, वाळवावे आणि कोमट पाण्याने धुवावे. डाग निघून गेला की राहिला, यावरून निर्णय करावा. त्या परीक्षेचे उत्तर आजच्या प्रयोगशाळेत ग्राह्य धरले जाणार नाही, हे उघड आहे. परंतु तिच्यामागची वृत्ती पाहा. संशय आला तर ग्रंथाचे पान उलटू नका, वस्त्र धुऊन पाहा, असे सांगणारा तो आचार्य आहे.

सुश्रुत याच्याही एक पाऊल पुढे जातो. मूळव्याधीच्या चिकित्सेत त्याने औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले. पण त्याच अध्यायात त्याने अर्शोयंत्र वर्णिले आहे. लोखंड, हस्तिदंत, शिंग किंवा लाकूड यांचे, गाईच्या आचळाच्या आकाराचे, चार अंगुळे लांबीचे. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी मापे वेगळी. आणि या यंत्राचे दोन प्रकार : एक आत पाहण्यासाठी, दुसरे प्रत्यक्ष उपचार करण्यासाठी. बंधुभगिनींनो, या एका तपशिलावर क्षणभर थांबूया. ज्या काळी वीज नव्हती, भिंग नव्हते, त्या काळी या शल्यविदाने केवळ पाहण्यासाठी वेगळे यंत्र घडवले. आधी दर्शन, मग औषध. माझ्या आजच्या भाषणाचे सार या चार शब्दांत आहे.

संकोचाची किंमत

आज आपण काय करतो? शौचात रक्त दिसले की ‘उष्णता वाढली’ असे स्वतःशीच म्हणतो. मग कोणी शेजारी चूर्णाची पुडी सुचवतो, कोणी जाहिरात वाचून बाटली आणतो. स्त्रिया तर घरात उच्चारही करत नाहीत. सून सासूला सांगत नाही, आई मुलाला सांगत नाही.

वृत्तपत्राच्या कामानिमित्त एका तालुक्याच्या गावी माझे नेहमी जाणे होत असे. तेथे एक शिक्षक परिचयाचे झाले होते. शिस्तीचे, मितभाषी, पन्नाशीच्या आतले. त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याधच असणार, असे त्यांनी गृहीत धरले आणि ‘हमखास गुण’ अशी जाहिरात करणाऱ्या एका विक्रेत्याचे चूर्ण सुरू केले. गंमत अशी, की मधूनमधून रक्त थांबतही असे. तेवढ्याने त्यांची खात्री पटली. आठ महिने गेले. वजन उतरले, चेहरा पांढुरका पडला, तेव्हा पत्नीने बळेच रुग्णालयात नेले. गुदाशयाचा कर्करोग होता आणि तो पसरलेला होता. त्या चूर्णातील द्रव्ये विषारी होती असे मी म्हणत नाही. त्याने शिक्षकांचे आठ महिने घेतले. अशा रोगात आठ महिने हीच सर्वांत महाग वस्तू असते.

येथे मला चरकाच्या चतुष्पादाची आठवण होते. चिकित्सेचे चार पाय त्याने सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण. रुग्णाच्या चार गुणांत स्मरणशक्ती, सांगितलेले पाळण्याची वृत्ती आणि निर्भयता यांच्या जोडीने ‘ज्ञापकत्व’ हा गुण आहे. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. संकोचाने गप्प राहणारा रुग्ण त्या चौकटीचा एक पायच काढून घेतो. मग उरलेल्या तीन पायांवर चिकित्सा उभी राहणार कशी?

लपलेल्या रक्ताचे महत्त्व किती आहे, हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवून दिले. सेहेचाळीस हजारांहून अधिक निरोगी माणसांवर तो अभ्यास झाला. दरवर्षी मळाची साधी तपासणी करून डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधायचे आणि सापडले तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची, एवढाच उपक्रम. तेरा वर्षांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. केवळ पाहिल्याने माणसे वाचली.

कुडा आणि ज्येष्ठमध

आता वनौषधींकडे वळूया. कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला कुडा परका नाही. संस्कृतातला कुटज तो हाच. आव आणि रक्तातिसार यांवर कुड्याची साल हा आयुर्वेदातील प्रमुख उपाय. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी आजही वैद्यांच्या कपाटात असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधांचा पद्धतशीर अभ्यास आरंभला, त्यात कुड्याला मानाचे स्थान होते. अमीबामुळे होणाऱ्या आवेवर त्या काळी एमेटिन टोचले जाई, आणि त्याचा हृदयावर घातक परिणाम होत असे. कुड्यातील अल्कलॉइडे त्याला पर्याय ठरतील काय, हे तेथे रुग्णांवर तपासले गेले, आणि कुड्याची साल औषधकोशात पोहोचली. पुढे १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आले आणि ते अधिक प्रभावी ठरले. कुड्याचा पराभव झाला म्हणून दुःख करण्याचे कारण नाही. परंपरेने बोट दाखवलेल्या झाडात खरोखरच औषध होते, हे सिद्ध झाले, हा लाभ लहान नाही.

दुसरी कथा ज्येष्ठमधाची. यष्टिमधु म्हणून ते आपल्याकडे पित्तावर आणि व्रणावर फार पूर्वीपासून दिले जाते. परंतु त्याची आधुनिक कसोटी झाली ती नेदरलँड्समध्ये. १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाच्या अर्काने गुण येतो असे नोंदवले. त्याच वेळी त्यांनी दुसरी नोंदही प्रामाणिकपणे केली : सुमारे पाचांतील एका रुग्णाच्या अंगावर सूज येते. या दोन नोंदींतून पुढचे संशोधन घडले. ज्येष्ठमधातील घटकापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झाले आणि १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ते जठरव्रणावर वापरले जाऊ लागले. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात लवकर नष्ट होऊ न देणे, हे त्याच्या कार्याचे एक अंग. वेदनाशामक गोळ्या नेमकी हीच द्रव्ये कमी करतात आणि म्हणून जठरात व्रण पाडतात. म्हणजे ज्येष्ठमधाचा गुण काल्पनिक नव्हता.

दोषही काल्पनिक नव्हता. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतले तर शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. म्हणूनच १९७० च्या दशकात आम्ल कमी करणारी नवी औषधे आल्यावर कार्बेनॉक्सोलोन मागे पडले. रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांना कोणी ‘वनस्पतीच आहे, काही होत नाही’ म्हणून रोज ज्येष्ठमध देत असेल, तर त्याने हा इतिहास वाचावा. ज्या वनस्पतीत काही करण्याचे सामर्थ्य आहे, तिच्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असते.

अडुळशाविषयीही एक शब्द सांगायला हवा. अडुळसा उपलब्ध असताना रक्तपित्ताच्या रुग्णाने खचून का जावे, अशा अर्थाचे वचन वैद्यमंडळी आवडीने सांगतात. अडुळशातील व्हॅसिसिन या घटकावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले, आणि ते जगभर खोकल्यावर वापरले जाते. म्हणजे अडुळशाची कीर्ती आधुनिक विज्ञानाने खोकल्यात राखली. पचनमार्गातील रक्तस्राव अडुळशाने थांबतो, हे मात्र अशा कसोटीवर उतरलेले नाही. एकाच झाडाचा एक गुण सिद्ध झाला म्हणून सारे गुण आपोआप सिद्ध होत नाहीत. गर्भवती स्त्रियांनी तर अडुळसा सल्ल्यावाचून घेऊच नये, कारण व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते.

हळद, केळे आणि इसबगोल

ज्यात मोठ्या आतड्याला सूज व व्रण होऊन वारंवार रक्त जाते, त्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या चिवट विकारावर हळदीतील करक्युमिनचे चांगले प्रयोग झाले आहेत. २००६ मध्ये जपानमधील चाचणीत नेहमीच्या औषधांबरोबर करक्युमिन दिलेल्या गटात सहा महिन्यांत शेकडा पाचांहून कमी रुग्णांचा विकार उलटला. औषधासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिलेल्या गटात हे प्रमाण शेकडा वीसवर होते. २०१५ मध्ये इस्राएल, हाँगकाँग आणि सायप्रस येथील पन्नास रुग्णांवर चाचणी झाली. रोज तीन ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्या सव्वीसांपैकी चौदा रुग्णांची लक्षणे महिनाभरात शमली; दुसऱ्या गटात एकाचीही नाही.

हे ऐकून आनंद होतो. पण थांबा, पुढचे वाक्यही ऐका. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रोज साडेचारशे मिलिग्रॅम करक्युमिन दिले होते, आणि त्याचा निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. मात्रा हा औषधाचा प्राण आहे, हे आपले वैद्य नेहमी सांगतात. येथे ते आकड्यांत दिसले. आता घरगुती हिशेब करा. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण शेकडा तीन असते. तीन ग्रॅम करक्युमिनसाठी रोज शंभर ग्रॅम हळद खावी लागेल! कपभर हळद-दूध आपण अवश्य घ्यावे, पण ते घेऊन कोलायटिसच्या गोळ्या बंद करू नयेत. आणि मिरीचा अर्क मिसळलेल्या तीव्र करक्युमिन गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे परदेशात झाल्या आहेत; त्याही नजरेआड करू नयेत.

काशी हिंदू विश्वविद्यालयात सान्याल, गोयल आदी संशोधकांनी कच्च्या केळ्याच्या भुकटीचा जठरव्रणावर होणारा परिणाम अनेक वर्षे अभ्यासला. पुढे १९८४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनीही उंदरांवरील प्रयोगांत अॅस्पिरिनने होणाऱ्या व्रणांपासून कच्चे केळे जठराचे रक्षण करते, असे पाहिले. जठराच्या अस्तराची वाढ त्याने होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ढाक्यातील संशोधकांनी २००१ मध्ये लांबलेल्या अतिसाराच्या बालकांना शिजवलेले हिरवे केळे देऊन अतिसार लवकर थांबतो, असे दाखवले. ही एक धागेदार साखळी आहे. उंदरापासून माणसापर्यंतचे तिचे सगळे दुवे अजून जुळलेले नाहीत, पण दिशा आश्वासक आहे.

आणि आता मूळव्याध. सुरणाचे एक संस्कृत नाव ‘अर्शोघ्न’ म्हणजे मूळव्याध नाहीशी करणारे. चरकाने याच विकारात ताकाचीही मोठी महती गायिली. ग्रंथकारांचा भर पोट साफ राहण्यावर आणि आहारावर होता. आजच्या कसोटीवर या विचाराचा गाभा उत्तम टिकला. तंतुमय आहारावरील सात चाचण्या, एकूण ३७८ रुग्ण, यांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये निघाला. इसबगोलासारखे तंतुमय पदार्थ नियमित घेतल्याने मूळव्याधीतील रक्तस्राव जवळजवळ निम्म्याने घटतो, असे त्यात दिसले. इसबगोल हे नाव फारसी, त्याचा वापर आपल्याकडे युनानी परंपरेतून रुजला आणि पीक उत्तर गुजरातचे. औषधाला जात नसते, गुण असतो.

कसोटी सर्वांना सारखी

कोणी म्हणेल, आमच्या औषधांनाच ही अग्निपरीक्षा का? म्हणून एक उदाहरण दुसऱ्या बाजूचे देतो. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे रक्त थांबवणारे आधुनिक औषध आहे. जखमांत आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात ते उपयोगी ठरले. म्हणून पचनमार्गातील रक्तस्रावातही ते उपयोगी असणार, असे अनेक डॉक्टरांना वाटत होते. मग पंधरा देशांत बारा हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल लागला. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले. स्वतःच्या औषधाविरुद्ध आलेला निकाल त्यांनी छापला आणि त्यानुसार उपचार बदलले. शास्त्राचे मोठेपण या बदलण्यात आहे.

आणि आपलीही एक अभिमानास्पद कथा आहे. क्षारसूत्र म्हणजे औषधांची पुटे दिलेला दोरा. भगंदरावरील हा प्राचीन उपाय काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांच्या प्रयत्नांनी पुन्हा प्रचारात आला. भगंदर हा रक्तस्रावाचा विकार नव्हे, तरीही हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर क्षारसूत्राची आधुनिक शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने बरे होण्यास अधिक काळ लागला, साधारण चार आठवड्यांऐवजी आठ. परंतु वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत शेकडा अकरा, तर क्षारसूत्रात शेकडा चार होते. गुण आणि उणीव दोन्ही आकड्यांत आली. त्यामुळे आज कोणाही शल्यविदासमोर क्षारसूत्राचे नाव ताठ मानेने घेता येते.

हेच नागकेशराबाबत का होऊ नये? लोणी-साखरेबरोबर नागकेशर हा रक्तार्शावरचा घराघरांत ठाऊक असलेला उपाय. युरोपात संत्र्या-लिंबांच्या वर्गातील फळांत आढळणाऱ्या फ्लेव्होनॉइडांपासून मूळव्याधीची औषधे तयार झाली, त्यांच्या चाचण्या झाल्या. २०१२ मध्ये अशा शिरांना बळकटी देणाऱ्या औषधांवरील चोवीस चाचण्यांचा आढावा निघाला, तेव्हा रक्तस्राव घटतो असे दिसले. आज ती औषधे आपल्या गावच्या दुकानात मिळतात. नागकेशर मात्र अद्याप पुडीतच आहे. आणि पुडीत तरी ते नागकेशर आहे काय? आपल्या बाजारात सुरंगीच्या कळ्या ‘तांबडा नागकेशर’ म्हणून विकल्या जातात. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळते. द्रव्य कोणते हेच निश्चित नसेल, तर गुण कोणाचा मोजायचा? सावरीच्या डिंकाचा पिच्छाबस्ती, म्हणजे औषध थेट आतड्यात पोहोचवण्याची पद्धत, कोलायटिससाठी आजही वैद्य वापरतात. आधुनिक शास्त्रही या रोगात औषधी बस्ती देतेच. क्षारसूत्राच्या तोडीची मोठी चाचणी होण्यास याहून योग्य विषय कोणता?

अभिमान आणि उत्तरदायित्व

हळदीचे पेटंट आपणा सर्वांना आठवत असेल. जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ती लढाई घोषणांनी जिंकली गेली नाही. जुने छापील पुरावे शोधून, भाषांतरित करून, क्रमाने मांडून ती जिंकली गेली. ज्ञान आपले आहे, हे आपण पुराव्याने सिद्ध केले. ते ज्ञान गुणकारी आहे, हेही पुराव्यानेच सिद्ध करावे लागेल.

पुराव्याची टाळाटाळ आपली प्रतिष्ठा कशी घालवते, तेही पाहू. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. उरलेल्या छप्पन्नांची बातमी कोणी वाचली नाही. बदनामी साऱ्या शास्त्राची झाली. आणि जाहिरातींविषयी म्हणाल, तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने ज्या रोगांवरील हमखास उपायांच्या जाहिरातीस मनाई केली, त्यांच्या यादीत कर्करोगाप्रमाणेच जठर व आतड्यांचे व्रणही आहेत. तरीही ‘अल्सर मुळासकट नाहीसा’ अशी पाटी आपण रोज वाचतो. आयुर्वेदावर प्रेम करणाऱ्यांनी त्या पाटीवर सर्वांत आधी आक्षेप घ्यायला हवा.

घरी गेल्यावर

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. उलटीतून रक्त पडले, किंवा उलटी कॉफीच्या गाळासारखी झाली, शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे झाले, भोवळ आली, घाम फुटला, तर कोणताही काढा, रस किंवा चूर्ण देऊ नका. पोटात काहीही न देता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. जठरातील आम्लामुळे रक्त काळे पडते; काळे शौच म्हणजे बहुधा वरच्या भागातील रक्त. बलवान रुग्णाचे सुरुवातीचे रक्त लगेच थांबवू नये, असे चरकाने सांगितले आहे खरे. परंतु त्याच्या हाताशी रक्तपेढी नव्हती आणि वाहती रक्तवाहिनी बंद करणारी दुर्बीणही नव्हती. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००० मध्ये दाखवले, की दुर्बिणीतून उपचार केल्यावर आम्ल रोखणारे औषध शिरेतून दिल्यास पुन्हा रक्त वाहण्याचे प्रमाण शेकडा बावीसवरून सातपर्यंत खाली येते. असे साधन उपलब्ध असताना वाट पाहणे चरकालाही मान्य झाले नसते. रुग्ण दुर्बल असेल तर रक्त लगेच थांबवा, असेही त्यानेच सांगितले आहे.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते आणि बीटने लालसर, हे लक्षात ठेवा. पण शंका असेल तर तपासून घ्या. लाल रक्त थोडेच जात असेल, तरी ते मूळव्याधीचेच आहे हे डॉक्टरांनी किंवा शल्यतंत्राच्या वैद्यांनी प्रत्यक्ष पाहून ठरवू द्या. पंचेचाळिशीनंतर नव्याने रक्त जाऊ लागले, शौचाची सवय बदलली, वजन उतरले किंवा रक्तातील हिमोग्लोबिन घटले, तर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी टाळू नका. तरुणांनाही हा रोग होतो. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या गोळ्या हे जठरातील रक्तस्रावाचे मोठे कारण आहे. रुग्णालयात जाताना त्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, आणि चूर्णाची डबीही न्या. डॉक्टरांपासून चूर्ण आणि वैद्यांपासून गोळ्या लपवणे, हे दोघांवरही अन्याय करणे आहे.

आणि एकदा निदान झाले, धोका टळला, की मग आपल्या परंपरेचे दालन उघडे आहेच. सुरण, ताक, तंतुमय आहार, नियमित व्यायाम, वेळेवर झोप आणि जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने घेतलेले योग्य औषध. मूळव्याधीत तर हे आयुष्यभराचे पथ्य आहे, आणि तेथे आयुर्वेदाची दृष्टी फार उपकारक आहे.

प्रमाणे चार आहेत, असे चरक म्हणतो : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. पूर्वसूरींनी सांगितले हे पहिले प्रमाण आहे, एकमेव नाही. उरलेल्या तिन्ही प्रमाणांचा वापर करण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एकदा निःसंकोच विचारा, ‘आई, बाबा, शौचाला काही त्रास होतो का? रक्त जाते का?’ ते उत्तर देताना कदाचित संकोचतील. तरीही विचारा. कोणाच्या तरी घरात या प्रश्नाने वेळ वाचेल.